सुरी ज्याच्या हाती

मशीन पुन्हा हँग झालं. हेल्काने कपाळाला हात लावला. दोन प्रोग्रामांनी एकाच फाइलवर तुटून पडू नये म्हणून तिने एक कुलूप रचलं होतं. सारा उन्हाळा त्यात गेला होता, आणि आज संध्याकाळपर्यंत दोष सापडला नाही तर नव्या आवृत्तीतून ते कुलूपच वगळलं जाणार होतं.

"कोण कोणाला अडवतंय तेच कळेना," ती शेजारच्या ओइवाला म्हणाली. "चाचणीत एकच प्रोग्राम चालतोय. भांडायला दुसरं कोणी नाहीच!"

ओइवा उठला आणि तिला कॉफीच्या खोलीत घेऊन गेला. टाम्पेरे शहरातल्या त्या ऑफिसात अडलेलं घोडं शेवटी तिथेच यायचं. त्याने राय धान्याचा लांबट पाव टेबलावर ठेवला.

"ही तुझी फाइल. घे एक काप."

तिने टोकाकडे हात नेला, तोच त्याने ते टोक कापून बाजूला सारलं.

"अरे, मी घेत होते ना!"

"एकजण फाइल मेमरीत मांडून वाचतोय, दुसरा तिचं शेपूट छाटतोय. रोग हाच ना? आता तुझं औषध सांग."

"सुरी म्हणजे कुलूप. पाव कापायचा असो, त्यावर काही ठेवायचं असो, की नुसता काप उचलायचा असो, आधी सुरी मागायची. मिळेपर्यंत थांबायचं."

"आणि चाचणीतला प्रोग्राम?"

"तो या टोकाचं उचलून त्याच फाइलच्या त्या टोकाला लिहितो."

"लिहायचंय, म्हणजे आधी सुरी." ओइवाने सुरी घेतली. दुसरा हात कापाकडे नेला आणि मध्येच थांबला.

हेल्का कॉफी पीत राहिली. गप्प बसण्यात ओइवाचा हात धरणारं त्या ऑफिसात कोणी नव्हतं. पण हे फारच झालं.

"उचल की! थांबलास का?"

"सुरीची वाट बघतोय."

"सुरी तुझ्याच हातात आहे, बाबा!"

"मला ठाऊक आहे," ओइवा म्हणाला. "तुझ्या नियमाला ठाऊक नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला स्वतःचा राग आला, आणि हसूही. कप तसाच टाकून ती निघाली. दारातून तिने वळून पाहिलं, तर हा पठ्ठ्या अजून तसाच उभा.

"ठेव ना आता ती सुरी!"

"आधी नियम दुरुस्त कर," ओइवा म्हणाला. "आणि जरा लवकर. भूक लागलीय मला."