पहिला करार

कंपन्यांचे करार करणाऱ्या देसाई वकिलांनी उज्ज्वलाला पहिल्यांदाच एक मसुदा लिहायला दिला होता. चुकला, तर पुन्हा फायली लावत बसायचं. रोज संध्याकाळी पर्वत पाटिया वस्तीतल्या खोलीत, साड्यांना टिकल्या लावणाऱ्या आईला ती एकेक कलम आपल्या बोलीत सांगायची.

"माले समजनं नही, बेटा," आई म्हणाली, की ते कलम खोडून नव्यानं लिहायची.

सहीच्या दिवशी करार करणाऱ्या दोन्ही शेठांनी सगळं वाचलं आणि काही न विचारता सह्या केल्या.

"उज्ज्वलाबेन, मसुदा तपासला कुणी?" देसाईसाहेबांनी विचारलं.

"आईनं."

"त्या पण वकील?"

"नाही साहेब, आई अंगठा लावते. पण समजल्याशिवाय लावत नाही."