कोरडी भाकरी

डॉक्टरांनी बद्रीनाथच्या पोटाला टेप लावली, तशी मनकर्णाने खिडकीकडे नजर वळवली. तिचा हात पर्सची चेन उगाच उघडत होता, लावत होता.

घेर तसूभरही कमी झाला नव्हता. डॉक्टर पुन्हा समजावू लागले. हातपाय वाळून उपयोग नाही. गोड, मैदा, तूप यांची चरबी पोटात आतवर जाऊन बसते आणि तिथून यकृतात भरते. असं भरलेलं यकृत कापून दुसऱ्याला देता येत नाही, देणाऱ्याच्याच जिवावर बेततं.

"पथ्य नीट चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"माझ्याच हातचं खातात," मनकर्णा म्हणाली. "भाकरी अन् वरण. कंपनीतबी माझाच डबा."

यकृत द्यायचं होतं ते काकासाहेबांना, बद्रीनाथच्या थोरल्या भावाला. त्यांचं पार निकामी झालं होतं आणि घरात जुळत होता तो एकटा बद्रीनाथ. त्याने साऱ्या भावकीसमोर छातीठोक हो म्हटलं. तेव्हापासून वाळूजच्या कंपनीपासून पुंडलिकनगरच्या गल्लीपर्यंत त्याच्या नावाचा डंका वाजत होता. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं जो तो मनकर्णाला थांबवून सांगे. तिला मात्र तिथून कधी एकदा सुटते असं होई.

डॉक्टरांनी शेवटची तपासणी ठेवली. आता जमलं नाही तर काकासाहेबांच्या हाती फारसे दिवस नव्हते.

घरी येताच मनकर्णाने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पिठाच्या डब्यामागची तुपाची बरणी काढली. तूप घातलं की ज्वारीची भाकरी थापताना चिरते, म्हणून ती मूठभर मैदाही मिसळत असे. वरणात साखर. हे पाप आहे हे तिला कळत होतं. पण दोन पोरी पदरात, आणि धडधाकट नवऱ्याचं पोट उघडायचं? पुढचं काही मनात आलं की तिचे हात आणखी भराभर चालत.

बद्रीनाथला ताटात काय पडलं याची कधी शुद्धच नसे. पेपर वाचत जेवायचा आणि मुकाट्याने उठायचा. त्याच्या भोळेपणावर तिचं सगळं निभावत होतं, आणि त्याचीच तिला सर्वांत जास्त लाज वाटे.

तपासणी जवळ आली तशी ती एकटीच काकासाहेबांना पाहायला गेली. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट पाण्याने फुगलेलं. जाऊबाई त्यांचे पाय चेपत बसली होती. काकासाहेबांनी मनकर्णाला जवळ बोलावलं.

"माझ्यापायी बद्रीच्या जिभेचे लई हाल चाललेत," ते म्हणाले. "नाय जमलं तरी माझा राग नाय. सांग त्याला."

मनकर्णाला तिथं बसवेना. रिक्षात ती तोंडाला पदर लावून रडली. घरी येऊन तिने तुपाची बरणी शेजारी देऊन टाकली, मैदा कचऱ्यात ओतला. तपासणी पुढे ढकला म्हणून उद्या डॉक्टरांचे पाय धरायचे, असं तिने ठरवलं. जे व्हायचं ते होवो. मग गरम पाण्यात नुसतं ज्वारीचं पीठ मळलं आणि कितीतरी दिवसांनी खरी कोरडी भाकरी तव्यावर टाकली.

बद्रीनाथने पहिला घास मोडला, वरणात बुडवला, चावला. मग थांबला. दुसरा तुकडा मोडून त्याने तो नुसताच खाल्ला. पेपराची घडी घालून बाजूला ठेवली.

पोरी बाहेरच्या खोलीत असल्याची त्याने मान वळवून खात्री केली आणि ताटातून नजर न उचलता हळूच म्हणाला,

"तपासणी होईस्तोवर तूप नको बंद करू."