एकाच पोरीचे पैसे

दुसऱ्या फटक्याला माधवीचा ओठ फुटला, तरी इंद्रजित थांबला नाही. त्याच्या हातात ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा होता. त्याचा आवाज फारसा होत नाही आणि वळ नीट उठतो, हे त्याला चांगलं माहीत होतं.

"वहिनी, निम्मं पैसं कुठं गेलं?"

मारतानाही तो तिला वहिनीच म्हणायचा. दिरानं पाळायची तेवढी रीत त्यानं सोडली नव्हती.

वडील नसलेल्या मुलांना सरकार देतं ते बालसंगोपनाचे पैसे माधवीच्या दोन्ही पोरींना मिळत. महिन्याला थोरल्या प्रतिक्षाचे सव्वादोन हजार, धाकट्या स्वप्नालीचे सव्वादोन. पैसे पोरींचे, पण पासबुकं इंद्रजितच्या खिशात. आज भिगवणच्या बँकेत जाऊन बघतो तर एकाच पोरीचे आलेले.

"दुसरं खातं काढलंस? म्हायेरी वळवलंस?"

"पोरींची शप्पत भावजी, मला कायबी ठावं न्हाय!"

त्यानं तिचे केस धरले आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. ओट्यावर बसलेली सासू कुशाबाई म्हणाली, "जरा हळू. रस्त्यावर ऐकू जातंय." म्हातारीची माया एवढीच.

बारा वर्षांपूर्वी माधवीचा नवरा वारला. महिना भरायच्या आत इंद्रजितनं हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. पोरी कायद्यानं अज्ञान, त्यांचा हक्क काही सोडवता येईना. मग नवऱ्याच्या वाट्याच्या डाळजमधल्या तीन एकरांच्या उताऱ्यावर नावं पोरींची राहिली आणि पालनकर्ता म्हणून हा बसला. तेव्हापासून ऊस पोरींच्या रानात आणि कारखान्याचं बिल याच्या खात्यात. पोरी अठराच्या झाल्या की त्यांच्याही सह्या घ्यायच्या होत्या. आईला रोज असं बघितल्यावर त्या नाही म्हणणार नाहीत, याची त्याला खात्री होती.

इंदापूरच्या कॉलेजातून प्रतिक्षा दारात आली तेव्हा आई जमिनीवर होती आणि नळी पुन्हा वर गेली होती. तिनं दप्तर टाकलं आणि मध्ये घुसली. फटका तिच्या मनगटावर बसला. तिनं नळी धरून ठेवली.

"तात्या, आयीला कशाला मारता? माझं पैसं बंद झाल्यात. अठरा भरली की थांबत्यात."

"अठरा? येत्या श्रावणात तर तुला सतरा भरत्यात."

"कागदावर एक जूनला अठरा भरली."

इंद्रजितचा हात सैल पडला. पहिलीत तिचं नाव घालायला तोच गेला होता. मास्तरांनी जन्मतारीख विचारली. शाळेच्या दप्तरात निम्मं गाव एक जूनलाच जन्मलेलं, यानंही तीच सांगितली, वर एक वर्ष वाढवून. पोरगी वर्षभर आधी शाळेत गेली तर दुपारी तिथंच भात खाईल, घरची एक भाकरी वाचेल. पाच वर्षंही न भरलेल्या लेकराची भाकरी!

मग तो हसायलाच लागला. "ब्येस झालं की. मंजी तुला आता सही करता येती. उद्या सकाळी इंदापूरला चल. न्हायतर हिला हितंच खलास करतो." त्यानं माधवीच्या बरगडीत लाथ घातली.

प्रतिक्षानं दोन्ही हातांनी नळी हिसकली आणि उलटी फिरवली. एकच फटका, तोंडावर. आयुष्यात पहिल्यांदाच या घरात कुणीतरी इंद्रजितला मारलं होतं. कुशाबाई ओट्यावरून उठून उभी राहिली, पण पुढं आली नाही.

"सही म्या दोन जूनलाच केली," प्रतिक्षा धापा टाकत म्हणाली, "तलाठ्याच्या अर्जावर. माझ्या नावावरचा तुमचा पालनकर्ता उडाला. निम्मं रान माझं हाय. आमी तिघी आज रानातल्या खोलीवर जाणार, आन् तिकडं पाय ठेवलासा तर पोलिसात दीन."

तोंड दाबून खाली बसलेल्या चुलत्याला ओलांडून तिनं आईला उठवलं, तिच्या ओठावरचं रक्त ओढणीनं पुसलं.

"तात्या, खरी तारीख सांगितली असतीसा, तर अजून वरीसभर मारता आलं असतं."