सात नंबर, मिनिटं शून्य

मॉनिटरच्या बुडाखाली ठेवलेल्या फॉर्मवर अर्धगोल वळ उमटला होता. सोळा दिवसांपूर्वी सुखदेवने तो तिथे सरकवला, तेव्हापासून कागद हलला नव्हता. ‘पालकांची सही’ एवढेच शब्द बाहेर दिसत होते.

शनिवारची सकाळ होती. संगणकावर संघ चालवायच्या ऑनलाइन बास्केटबॉलमधलं आठवड्याचं ट्रेनिंग नुकतंच जमा झालं होतं. इथे मैदान नव्हतं, घाम नव्हता. खेळाडू म्हणजे आकड्यांची एक ओळ. सुखदेवमामाचं मन रमावं म्हणून भाचा राकेशने तीन वर्षांपूर्वी हा खेळ शिकवला आणि तो नोकरीसाठी बंगळूरला गेला. आता वाघोलीत राहायला आल्यावर तो पहिल्यांदाच मामाचा संघ बघत होता.

“सलग आठ मॅच हरलात. कन्सिस्टन्सी आहे, मामा.”

दारात सुखदेवची मुलगी मैत्री शाळेचे बूट घालून उभी होती. शाळेच्या बास्केटबॉल संघाचा फॉर्म द्यायची आज शेवटची तारीख होती. ती काही मागत नव्हती. लेस सोडत होती, पुन्हा बांधत होती.

राकेश एका ओळीवर थांबला. “हा लिथुआनियाचा कोण? कुवत अकरापैकी नऊ! लॉटरीच की. अठराव्या वर्षी आलाय तुमच्याकडे. आता अठ्ठावीस.” इथलं एक वर्ष साडेतीन महिन्यांत सरायचं. “आणि स्किल्स आला तेव्हाचीच?”

त्याने शेवटचा रकाना पाहिला. खेळलेली मिनिटं : शून्य. मागचा आठवडा, शून्य. तो मागे मागे जात राहिला.

“बाकावर का बसवलाय?”

“दम कमी आहे त्याचा,” सुखदेव म्हणाला.

“अहो मामा, खेळल्याशिवाय ट्रेनिंग लागूच होत नाही. आठवड्याला अठ्ठेचाळीस मिनिटं तरी पाहिजेत. म्हातारा झाला तो बसून बसून. आता शिकवूनही काही उपयोग नाही. नुसते आकडे आहेत हे, दम लागून कोणी इथे—”

त्याची नजर जर्सीच्या नंबरावर गेली. सात. पुढचं वाक्य त्याने गिळलं.

भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी करुणाचा फोटो होता. मैत्रीची मोठी बहीण. अंगात सात नंबरची जर्सी. तीन वर्षांपूर्वी विश्रांतवाडीच्या मैदानावर, शेवटच्या क्वार्टरमध्ये, तिने हाताने ‘मला बाहेर घ्या’ अशी बदलीची खूण केली होती. कोच सुखदेवच होता. “अजून दोन मिनिटं,” तो ओरडला होता. दोन मिनिटं भरायच्या आत ती पडली. उठली नाही.

नंदा हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिने फॉर्मकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

“मैत्रीचा इको दोनदा काढला,” ती नवऱ्याला म्हणाली. “हृदयात काही दोष नाही, असं दोन्ही डॉक्टरांनी लिहून दिलंय. तुम्ही रोज वाचल्याने रिपोर्ट बदलणार नाही.”

सुखदेवची नजर सात नंबरच्या ओळीवरच होती.

“अहो, झोपेत तुम्ही काय म्हणता ते मी रोज ऐकते. तीही ऐकते. भिंत पातळ आहे.”

दारातली लेस थांबली.

सुखदेवने दोन्ही हातांनी मॉनिटर किंचित उचलला आणि फॉर्म बाहेर ओढला. सही करताना पेन वळावर अडखळलं. त्याने कागद मैत्रीपुढे धरला. तिने दुसरं टोक धरलं, तरी त्याने आपलं सोडलं नाही.

“खेळ,” तो म्हणाला. “पण दम लागला की बाहेर यायचं. मी ‘अजून दोन मिनिटं’ म्हणालो, तरी यायचं.”