पेटीवरचं नाव

माझ्या पर्यटक व्हिसाचे अकरा दिवस उरले होते. निवृत्तीनंतर जर्मनीत बॉबलिंगेनला लेकीजवळ कायम राहता यावं म्हणून अर्ज केला होता, पण व्हिसा ऑफिसचं पत्र परत गेलं, कारण इथे पेटीवर नाव नसलेल्याचं पत्र पोस्टमन टाकत नाही आणि टपालपेटीवर फक्त जावयांचं आडनाव होतं. “आई, आधी राहण्याचा परवाना येऊ दे, मग तुझं नाव लावू,” ईप्सिता म्हणाली. “नावच नसेल तर परवाना येणार कुठे?” मी म्हटलं. लेकीच्या दारावर आईचं नाव शोभत नाही, असं नणंदेनं पुण्याहून बजावलं होतं. पुण्यात तरी कुठे होतं? पस्तीस वर्षं दारावर ह्यांचीच पाटी. मी कागदावर पट्टीनं रेघ आखली, शाळेत फळ्यावर लिहायचे तसं ठसठशीत माझं नाव लिहिलं आणि जावयांना घेऊन जिना उतरले. पेटीपाशी त्यांनी कागदाच्या वरच्या कडेला चिकटपट्टीचा एकच तुकडा लावला. “मयुरेशराव, चारही बाजूंनी लावा,” मी म्हटलं. “हे काढायचं नाहीये.”