एकविसावं पिल्लू

पुठ्ठ्याच्या खोक्यातून वीस पिल्लं तुरुतुरु बाहेर आली, एकविसावं आतच राहिलं. त्याचे दोन्ही पाय बाजूंना फाकले होते आणि ते पोटावर घसरत होतं.

"हे काही जगायचं नाही," अनुसयाबाई सुनेला म्हणाल्या. घरात कोंबड्या आणायला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता.

वैजयंताने चिकटपट्टीची बारीक पट्टी कापली, पण पिल्लू धरून पाय बांधणं तिला एकटीला जमेना. "आत्या, जरा धरता का?"

"मी नाही हात लावायची," अनुसयाबाई म्हणाल्या. पण थोडा वेळ पाहून त्याच पुढे आल्या. "आण इकडे. असं आवळलंस तर मोडेल पाय त्याचा." त्यांच्या ओंजळीत पिल्लू आधी थरथरलं, मग डोळे मिटून गप्प झालं. दोघींनी पाय जवळ आणून बांधले.

नंतरचे चार दिवस त्याच्या चोचीला बोटाने गुळाचं पाणी लावायचं काम अनुसयाबाईंनी कुणाला करू दिलं नाही.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. पिल्लू उभं राहिलं, कलंडलं, पुन्हा उभं राहून तीन पावलं चाललं. तेवढ्यात पिल्लं विकणारा दारात आला. वैजयंताने त्याला पहिल्याच दिवशी फोन केला होता.

"एक अधू निघालं म्हणे, मावशी. द्या, बदलून देतो."

अनुसयाबाईंनी पिल्लू उचलून पदराखाली घेतलं.

"बदलायला ते काय भांडं आहे? आमची सगळी पोरं धडधाकट आहेत."