परत आलेले डबे

वरच्या मजल्यावरच्या हेदरने दारातूनच पिशवी पुढे केली आणि ती हातात घेताच पूर्णिमाच्या कपाळाला आठी पडली. पिशवी हलकी होती. आत शिऱ्याचा डबा, पोह्यांचा डबा, परवाच वर पाठवलेला थालीपिठांचा डबा. सगळे घासूनपुसून लख्ख आणि एकूण एक रिकामे.

रिकामा डबा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही रीत हेदरला ठाऊक नव्हती असंही नाही. पूर्णिमाच्या लेकीने, कस्तुरीने तिला ती कधीच शिकवली होती आणि आजवर प्रत्येक डब्यातून काही ना काही यायचंच, मग ती दुकानातली बिस्किटं का असेनात.

हेदरने कस्तुरीला पोट सांभाळून जवळ घेतलं, जरा जास्तच वेळ. मग इंग्रजीत म्हणाली, "गुरुवारचं तिकीट आहे ना तुमचं? जा. पहिलं बाळ आपल्या घरी झालेलं बरं." बोलताना ती जिन्याकडे बघत होती. उत्तराची वाट न पाहता वर निघूनही गेली.

"ही कोण गं सांगणारी?" दार लागताच पूर्णिमा म्हणाली. "माझ्या मुलीने कुठे बाळंत व्हायचं ते ही ठरवणार? आणि डबे बघ. विटली वाटतं आपल्या खाण्याला."

"आई, तसं नसेल गं."

"मग कसं असेल?"

खरं तर पूर्णिमा नाशिकहून बहरीनला आली होती ती लेकीला घेऊन जायलाच. अमेरिका आणि इराणचं रोज नव्याने बिनसत होतं, आणि अमेरिकेचा नौदल तळ इथून हाकेच्या अंतरावर. पण रिफायनरीत मयुरेशला लीव्ह मिळेना आणि तिकिटं काढली तरी नवऱ्याला टाकून कस्तुरीचा पाय निघेना. मयुरेशचं म्हणणं साधं होतं. हेदरचा नवरा त्या तळावर कामाला. काही व्हायचं असेल तर त्याला आधी कळणार. त्याची पोरं खाली सायकली फिरवतायत तोवर काळजी नाही. उम्म अल हस्समच्या त्या गल्लीत बरेच जण याच हिशेबावर निवांत झोपत होते.

"राहू दे मग," पूर्णिमा डबे फडताळात आदळत म्हणाली. "इथंच करू बाळंतपण. तिच्या सांगण्यावरून तर मुळीच हलायचं नाही."

कस्तुरीला तेवढंच हवं होतं. तिने लगेच मयुरेशला फोन लावला आणि संध्याकाळपर्यंत तिकिटं रद्दही झाली. यानंतर डॉक्टर विमानप्रवासाला परवानगी देणार नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही.

शुक्रवारी भर दुपारी भोंगा वाजला. खिडक्यांपासून दूर म्हणून दोघी पॅसेजमध्ये जमिनीवर बसल्या. लांबवर काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि फडताळातली भांडी वाजली. मयुरेश तिकडे सित्राला रिफायनरीत अडकलेला. विमानतळ बंद केल्याचं फोनवर आलं, तेव्हा कस्तुरीने दोन्ही हातांनी पोट धरलं.

"आई, वर जा ना. हेदरला विचार. तिला माहीत असेल."

पूर्णिमाने राग गिळला आणि जिना चढली.

हेदरचं दार सताड उघडं होतं. आत हेदर नव्हती. इमारतीचा मालक इमाद, तळमजल्यावर राहणारा बहरीनी म्हातारा, किल्ल्यांचा जुडगा घेऊन गॅस बंद आहे का ते बघत होता. फ्रीज पुसून उघडा ठेवलेला. पोरांच्या पलंगांवर नुसत्या गाद्या. दोन्ही सायकली बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या.

"किधर गए सब?" पूर्णिमाने विचारलं.

"खलास, मदाम. बुधवार को गया. सुबह बेस की गाडी आई, औरत-बच्चा सब लेके गया."

"पण बोली नाही मला. कुछ नहीं बोली."

"बोलने का हुकूम नहीं होता उनको." इमादने फ्रीजचं दार उगाच ढकलून पाहिलं. "मेरा बाबा अंग्रेज का जेट्टी पे काम करता था. एक दिन अंग्रेज गया, उसी जेट्टी पे अमरीकी आया. बाबा को किसी ने पूछा नहीं. अभी ये भी जाएगा तो मेरे को कौन बोलेगा?"

"और आप? आप किधर जाएंगे?"

"मैं?" त्याला प्रश्नच कळला नसावा. "मेरा घर है इधर."

पूर्णिमा भिंतीला टेकली. बोलायची बंदी असलेल्या त्या बाईने निघण्याआधी दारात येऊन जा म्हणून सांगितलं होतं, आणि आपल्याला त्यात उर्मटपणा तेवढा दिसला. घरात डब्यात घालायला काही उरलंच नव्हतं तिच्या. पूर्णिमाला स्वतःची इतकी चीड आयुष्यात कधी आली नव्हती. लेकीला आपणच इथे अडकवून ठेवलं, तेही कशासाठी, तर चिमूटभर साखरेसाठी.

भोंगा पुन्हा सुरू झाला.

"आई!" खालच्या जिन्यातून कस्तुरीचा आवाज आला. तिला जिना चढवत नव्हता. कठड्याला धरून ती तिथेच उभी असणार. "आहेत ना गं पोरं घरात?"

इमाद काहीतरी बोलायला गेला. पूर्णिमाने ओठांवर बोट ठेवलं.

"आहेत गं," ती कठड्यावरून खाली वाकून म्हणाली. "झोपलीत."

इमादला मराठी येत नव्हती. तो बाहेर आला आणि त्याने त्या रिकाम्या घराचं दार अलगद ओढून घेतलं, जरासाही आवाज होऊ न देता.